सुका कचरा आठवड्यातून दोनदाच? प्रभाग समितीपुढे नेमकं काय मांडायचं

लेआऊट_दक्षिणपश्चिम (प्रश्न)

नमस्कार मंडळी. नागपुरातल्या आमच्या ले-आऊटमध्ये (प्लॉट पाडून झालेल्या वस्तीत) जवळपास 600 घरं आहेत. त्यातच 96 फ्लॅटची एक स्कीम, म्हणजे अपार्टमेंटची सोसायटी, येते. झोन पातळीवर सध्या तीन बदलांची चर्चा सुरू आहे. पहिला बदल म्हणजे ओला कचरा रोज, पण सुका फक्त मंगळवारी आणि शनिवारी, आणि दोन्ही त्याच एका गाडीने. दुसरा, 96 फ्लॅटच्या स्कीमने आपला ओला कचरा आवारातच जिरवायचा. तिसरा, समाजभवनामागच्या मोकळ्या जागेत सुका कचरा निवडायची शेड बांधायची. त्या जागेवर सध्या संध्याकाळी मुलं खेळतात, लग्नसराईत मंडप पडतो.

हा विषय प्रभाग समितीत जाण्याआधी लेखी सूचना द्यायच्या आहेत. नुसता विरोध करणारं पत्र द्यायचं नाही. जे बरोबर आहे त्याला पाठिंबा आणि जे चुकतं आहे ते आकड्यांसकट दाखवायचं, असं बहुतेकांचं मत आहे. वेळापत्रक चालण्यासारखं आहे का? स्कीमवर खरंच सक्ती होऊ शकते का? आणि खताला जागा किती लागते?

---

रूट_चार्ट

वेळापत्रकापासून सुरुवात करतो, कारण सगळा गोंधळ तिथे होणार आहे.

दारोदार फिरणाऱ्या छोट्या टिप्परच्या डाल्यात साधारण 2 घनमीटर माल बसतो. आता 600 घरांचा हिशोब धरा. घरटी ओला 1 किलो म्हणजे 600 किलो. ओला कचरा जड असतो, घनमीटरला 450 किलोच्या आसपास, त्यामुळे त्याला जागा लागते फक्त 1.3 घनमीटर. सुका घरटी 400 ग्रॅम धरला (रद्दी, पुठ्ठा, बाटल्या कबाडी नेतो हे वजा करून) तर 240 किलो. पण तो हलका आणि फुगलेला असतो, घनमीटरला 100 किलो. म्हणजे 2.4 घनमीटर. वजनाने निम्म्याहून कमी असलेला सुका कचरा जागा जवळजवळ दुप्पट खातो. गाडीतला सुक्याचा कप्पा अर्ध्या रस्त्यातच भरतो आणि पुढच्या गल्लीपासून सुक्याच्या पिशव्या ओल्यात पडायला लागतात, ते यामुळेच. त्यात गाडीवरच्या माणसाचा आळस शोधू नका, कप्पाच लहान पडतो.

आज रोज दोन्ही मिळून 3.7 घनमीटर निघतात, म्हणजे दोन खेपा. दर घराला अर्धा मिनिट धरलं तर 600 घरांना नुसते 5 तास लागतात. मध्ये गाडी रिकामी करायला जाऊन आली की शेवटच्या गल्ल्यांत साडेअकराही उलटून जातात. तोवर लोक कामावर गेलेले असतात आणि पिशवी जाते रिकाम्या प्लॉटवर. तुमच्या ले-आऊटमधले कचऱ्याचे ढीग नकाशावर मांडून बघा, बहुतेक दुसऱ्या खेपेच्या वाटेवरच सापडतील.

आता नवी पद्धत. फक्त ओला उचलायचे जे पाच दिवस आहेत, त्यात 1.3 घनमीटर एकाच खेपेत बसतं. गाडी सकाळी साडेसहाला निघाली तर साडेअकरापर्यंत शेवटच्या दारात पोचते. हा फायदा खरा आहे, त्याला पाठिंबा द्या. पण मंगळवारनंतर थेट शनिवार, म्हणजे चार दिवसांचा सुका: 9.6 घनमीटर. त्यात त्या दिवसाचा ओला मिळवा, 11 च्या घरात जातो. छोट्या टिप्परच्या सहा खेपा. एका गाडीला, एका पाळीत हे जमतच नाही. हाताने दाबून भरलं तरी चारच्या खाली उतरणार नाही. मंगळवारी तीन दिवसांचा माल असेल, तरी चार-पाच खेपा आहेतच.

म्हणून मागणी एका वाक्यात लिहा: मंगळवार-शनिवारी सुक्यासाठी उंच जाळीची, किमान 8 ते 10 घनमीटरची वेगळी गाडी द्यावी, ओल्याची गाडी नेहमीच्या वेळेलाच यावी. तसं होत नसेल तर ले-आऊटचे दोन भाग करून एका भागाला मंगळवार-शनिवार आणि दुसऱ्याला सोमवार-गुरुवार द्यावा. एवढ्यानेच खेपा निम्म्या होतात.

माझे घरटी आकडे अंदाजाचे आहेत. पत्रात तुमचे टाका. वेगवेगळ्या गल्ल्यांतली 20 घरं घ्या, सलग 7 दिवस ओला आणि सुका वेगळा तोला, 50 किलोचा लटकता काटा पुरतो. रविवार आणि सणाचा दिवस त्यात आलाच पाहिजे, नाहीतर ओल्याचा आकडा कमी येतो. सुक्याचं नुसतं वजन घेऊन थांबू नका, मापाच्या ड्रममध्ये भरून लिटरही लिहा. वर दाखवलं तसं, गाडी वजनाने नाही, जागेने भरते.

---

नियमवही

स्कीमच्या सक्तीबद्दल. दिवसाला 100 किलोच्या वर कचरा असेल तर ओला आवारातच जिरवायचा, ही अट लोक ऐकतात आणि फक्त ओला तोलतात. तो 96 किलो भरला की सुटलो म्हणतात. अट एकूण कचऱ्याची आहे. 96 फ्लॅटमध्ये सरासरी 4 माणसं, माणशी 450 ग्रॅम, म्हणजे 170 किलोच्या वर जातं. 2016 च्या घनकचरा नियमांतही सरासरी रोज 100 किलोच्या वर कचरा असलेला मोठा कचरा उत्पादक ठरायचा. 1 एप्रिल 2026 पासून लागू झालेल्या नव्या नियमांत तीन निकष आहेत आणि त्यातला एक लागला तरी पुरे: 20,000 चौरस मीटर बांधीव क्षेत्र, किंवा दिवसाला 40,000 लिटर पाणी, किंवा दिवसाला 100 किलो कचरा. माणशी 135 लिटरने तुमच्या स्कीमचं पाणी 51,000 च्या पुढे जातं. दोन निकष लागतात, तेव्हा सक्तीवर वाद घालण्यात वेळ घालवू नका. जिथे आवारात ओला जिरवणं शक्यच नाही तिथे प्रमाणपत्र घेऊन जबाबदारी पुरी करायचा मार्ग नियमांत आहे, पण जागा असेल तर खत करणंच श्रेयस्कर.

आणखी एक फरक. आता ओला, सुका, स्वच्छताविषयक (डायपर, पॅड) आणि विशेष काळजीचा (औषधं, बॅटऱ्या, ट्यूबलाईट, रंगाचे डबे) असे चार भाग आहेत. चर्चेतल्या वेळापत्रकात तिसऱ्या-चौथ्याचा उल्लेखच नाही. डायपर चार दिवस घरात कोणी ठेवणार नाही. ते रोजच्या गाडीला वेगळा डबा लटकवूनच गेले पाहिजेत. हे पत्रात वेगळा मुद्दा म्हणून घाला.

आता पत्र कुठे द्यायचं. मार्ग आणि वेळा ठरवणं प्रशासनाचं काम, म्हणून मूळ पत्र झोनच्या सहायक आयुक्तांच्या नावाने, प्रत घनकचरा विभागाला. प्रभागातल्या अ, ब, क, ड अशा चारही नगरसेवकांना वेगवेगळी प्रत द्या, एकाला देऊन तो बाकीच्यांना सांगेल असं धरू नका. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्या. पोच नसलेलं पत्र बैठकीत नसल्यासारखंच असतं. पैशाचा, कराराचा विषय असेल तर तो स्थायी समितीकडे जातो. शुल्क किंवा उपविधी असेल तर सभागृहात. मार्च 2022 पासून महापालिका प्रशासकाच्या हाती होती, जानेवारी 2026 च्या निवडणुकीनंतर नगरसेवक पुन्हा आले. लेखी प्रश्न विचारायला आता माणूस आहे, त्याचा उपयोग करा.

माहिती अधिकारात रूट चार्ट मागता येतो (10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत), पण उत्तराला 30 दिवसांची मुदत असते. बैठक त्याआधी असेल तर तोच प्रश्न नगरसेवकांमार्फत लेखी विचारायला लावा: गाडीमागे घरं किती, रोज खेपा किती, पहिलं आणि शेवटचं घर कोणतं आणि त्यांची वेळ काय.

---

कडुनिंब_पाला

खताच्या जागेचं सांगते. रोज 90 ते 100 किलो ओल्यासाठी विटांचे जाळीदार बांधकामाचे चार हौद लागतात, प्रत्येक 3 मीटर लांब, 1 मीटर रुंद, 1 मीटर उंच. एक हौद भरायला साधारण 20 दिवस, मग 60 दिवस तो मुरत पडतो, तोवर बाकीचे तीन भरतात. हौदांमध्ये हातगाडी फिरायला 1 मीटर वाट सोडली, पाला आणि चाळणीची जागा धरली, तर 50 चौरस मीटर धरून चला. तळ जमिनीपासून अर्धा फूट उंच, 50 ला 1 असा उतार आणि एका बाजूला रसाची नाली. ती नाली पावसाळी नालीला जोडू नका, गडर (सांडपाण्याच्या) लाईनला जोडा किंवा 200 लिटरच्या टाकीत घ्या.

रोजची पद्धत: आलेल्या ओल्यातून प्लास्टिक काढायचं, मोठे तुकडे दोन इंचांवर आणायचे. 3 किलो ओल्याला 1 किलो सुका पाला मिसळायचा आणि वर दोन इंच पाल्याचा थर. तो थर राहिला की माश्यांचा विषयच संपतो. सुरुवातीला विरजण म्हणून तयार खत 5 टक्के टाका. दर आठवड्याला ढीग उलटायचा. तीन ते पाच दिवसांत आतलं तापमान 55 ते 65 अंशांवर गेलं पाहिजे. गेलं नाही तर एकतर ढीग कोरडा आहे किंवा पाला जास्त झाला आहे. ओल बघायला मूठभर माल घट्ट दाबा: एक-दोन थेंब आले तर ठीक, धार लागली तर पाला वाढवा, मूठ उघडताच भुगा झाला तर पाणी शिंपडा.

आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. ढीग वरून एक फूट कोरडा पडतो आणि आत गरम असतो. बघणाऱ्याला वाटतं सगळं छान चाललं आहे, पण वरच्या थरात काहीच कुजत नसतं. हिरवी जाळी बांधा आणि उलटताना प्रत्येक थराला पाणी द्या. नुसतं वरून ओतलेलं पाणी कडेने वाहून जातं.

वासावरून दोष ओळखता येतो. डोळ्याला झोंबणारा अमोनियाचा वास आला तर ओला जास्त, पाला कमी. सडक्या अंड्याचा वास आला तर आत हवा नाही, त्याच दिवशी उलटा. वास मारायला चुना टाकू नका. त्याने जंतू मरतात आणि नत्र अमोनिया होऊन उडून जातं, म्हणजे खत निकामी आणि वास उलट वाढतो. संत्र्याच्या दिवसांत सालींचा लोंढा येतो, त्या अख्ख्या टाकल्या तर लवकर कुजत नाहीत. हाताएवढं साल चार तुकडे करून, एका थरात न टाकता पसरून टाका. सावजीचा उरलेला रस्सा, तर्री, तळणाचं तेल हौदात नको. तेलाने माल चिकटतो, हवा बंद होते.

खत महिन्याला 600 किलोच्या आसपास निघेल. ते कोण उचलणार हे आजच ठरवा. बागेला एवढं लागत नाही, आणि पोत्यांची थप्पी लागली की लोक काम बंद पाडतात.

---

लेआऊट_दक्षिणपश्चिम

ताई, फार नेमकं सांगितलंत. एक अडचण: पाला आमच्याकडे फेब्रुवारी ते एप्रिल भरपूर पडतो, नंतर काही नसतो. पावसाळ्यात काय करायचं?

---

कडुनिंब_पाला

बरोबर जागी बोट ठेवलंत, बहुतेक हौद पहिल्याच जुलैत पाल्याअभावी बंद पडतात. दिवसाला 30 किलोने पावसाळ्याच्या चार महिन्यांना साडेतीन टनांच्या वर पाला लागेल. अख्खा पाला ठेवायला जागाच पुरणार नाही. कुट्टी करून पोत्यांत भरा, घनमीटरला 150 किलो बसतो, म्हणजे 24 घनमीटर. 3 बाय 3 मीटरची एक खोली छतापर्यंत. आसपासच्या गल्ल्यांचा पालाही मागा. तो पेटवायला बंदी असूनही पेटवला जातो, त्यापेक्षा तुमच्या पोत्यात येऊ दे. झाडलोट करणाऱ्या ऐवजदारांना (महापालिकेच्या बदली सफाई कामगारांना) रिकामी पोती देऊन ठेवा.

एवढी जागा नसेल तर लाकूडगंजातल्या आरा मशीनचा भुसा आणा. भुशात कर्ब फार, म्हणून 10 किलो ओल्याला 1 किलोच. फक्त सागवान, बाभूळ अशा सरळ लाकडाचा घ्या. प्लायवूडचा भुसा नको, त्यात डिंकाची रसायनं असतात. नुसता भुसा दाटून बसतो, म्हणून त्यात थोडा तरी पाला किंवा बारीक काड्या मिसळा. आणि पहिला हौद पावसाळ्यात सुरू करू नका, दिवाळीनंतर करा.

---

पूर्व_नागपूर

शेडला सरसकट नाही म्हणू नका भाऊ. आपल्या शहराचा न निवडलेला माल शेवटी भांडेवाडीच्या कचरा डेपोलाच येऊन राहिला. उन्हाळ्यात तिथे आग लागते तेव्हा धूर आमच्या घरांत येतो. तुमच्या ले-आऊटचा सुका तुमच्याकडेच निवडला गेला तर तेवढा बोजा इकडे कमी.

पण अटी लिहून घ्या, तोंडी नको. फक्त सुका येईल, ओल्याची एक पिशवी नाही. शनिवारचा 9-10 घनमीटर माल दीड मीटर उंचीने लावायला 6 बाय 4 मीटरची शेड पुरते, त्यापेक्षा मोठी मागत असतील तर बाहेरच्या ले-आऊटचा माल येणार आहे का ते विचारा. आलेला माल 48 तासांत बाहेर, म्हणजे शनिवारचा सोमवारी संध्याकाळपर्यंत. फरशी धुता येईल अशी काँक्रीटची. 6 किलोची दोन अग्निशमन सिलिंडरं आणि वाळूच्या बादल्या. मोबाईलच्या, ई-रिक्षाच्या बॅटऱ्या आत येऊ द्यायच्या नाहीत, दाबल्या गेल्या की त्याच पेटतात. निवडणाऱ्या बायांना हातमोजे, पाणी आणि संडास पाहिजे. हे बजेटमध्ये नसलं तर ती शेड नव्हे, उघडा ढीगच होईल.

मुलांच्या जागेचा प्रश्न राहतो. 24 चौरस मीटर शेड आणि गाडी वळायला तेवढीच जागा, असा आराखडा मागवा आणि ती मैदानाच्या रस्त्याकडच्या कोपऱ्यात घ्यायला सांगा. गाडी मैदान ओलांडून आत जाणार असेल तर मात्र ठाम नाही म्हणा.

---

रूट_चार्ट

वरच्यात एक भर. तिन्ही बदल एकाच दिवशी लागू करू देऊ नका. आधी सुक्याची वेगळी गाडी, ती महिनाभर वेळेवर आल्यावर शेड. स्कीमला हौद बांधून चालू व्हायला तीन महिने धरा, तोवर तिचा ओला रोजच्या गाडीत जाईल असं ठरावाच्या मसुद्यातच यायला हवं. तारखा मसुद्यात नसतील तर नगरसेवकांकडून दुरुस्ती सुचवून घ्या आणि ती इतिवृत्तात आली का, ते पुढच्या बैठकीआधी तपासा.