राजपुतान्यातले डोंगरी किल्ले: तुमचे अनुभव लिहा

शेजारच्या काकू उदयपूरला जाऊन आल्या, काल सीताफळं दिली. चित्तोडगडावर बायका टोपल्या घेऊन बसतात ना, तिथली. सगळी ट्रिप आठवली एकदम. पुण्याहून गाडी काढली होती, सोबत सासूबाई. गडावर थेट वरपर्यंत गाडी जाते, पण वाटेत भैरव पोलच्या (दरवाजाच्या) पुढे जयमल आणि कल्ला या राजपूत वीरांच्या छत्र्या (स्मारकं) लागतात तिथे सासूबाई म्हणाल्या थांबव. 1568 चा अकबराचा वेढा, जयमलच्या पायाला गोळी लागलेली, तर कल्लाच्या खांद्यावर बसून लढला असं सांगतात. त्यांनी चपला काढून नमस्कार केला आणि पुढे बराच वेळ बोलल्याच नाहीत. मलाही वर जाऊन विजयस्तंभ बघण्याआधी तिथेच भरून आलं होतं. तुम्ही गेलात का कुणी? लिहा ना.

रानवाटा
कुंभलगड!! 36 किमीची तटबंदी, डोंगराच्या सोंडेसोंडेने जाते. सह्याद्रीत इतकी वर्षं फिरतोय पण तिथे बोलती बंद झाली. राणा कुंभाने बांधला, महाराणा प्रताप जन्मले तिथेच. बादल महालापर्यंत चढ दमवतो पण जाच. आपल्याकडे वाड्यांची जोती तेवढी उरलीत, तिकडे महाल उभे आहेत, ते बघून आनंद पण होतो आणि जीव पण तुटतो

मेथीचेलाडू
कुंभलगडावर गाईडने पन्नाधाय या दाईची गोष्ट सांगितली, स्वतःचं लेकरू देऊन राजपुत्र उदयसिंहाला वाचवलं आणि चित्तोडहून इथे आणलं. माझा मुलगा कडेवर होता दीड वर्षाचा. मला ऐकवेना, मी बाजूला जाऊन उभी राहिले. नंतर लिहिते, कुकर झालाय

सांजवेळ
@मेथीचेलाडू 🫂 मला तर वाचूनच कसंतरी झालं

कोकणी_माणूस
रणथंभोर कुणीच नाही लिहिलं? वाघासाठी जातात सगळे, किल्ला त्याच जंगलात आहे आणि वर त्रिनेत्र गणेश. लोक लग्नाची पहिली पत्रिका पोस्टाने पाठवतात तिथे. आम्हीपण ताईच्या लग्नाची पाठवली होती, मग लग्नानंतर ताई-भाऊजींना घेऊन दर्शनाला गेलो

सांजवेळ
अय्या किती छान, भाचीचं लग्न आहे मार्गशीर्षात, पत्ता काय लिहायचा?

कोकणी_माणूस
त्रिनेत्र गणेशजी, रणथंभोर किल्ला, सवाई माधोपूर, राजस्थान. पोचते.

भटकंती_नाशिक
गागरोन चुकवू नका, झालावाडजवळ. आहू आणि कालीसिंध दोन नद्यांनी वेढलेला, गर्दी अजिबात नाही. 2013 ला युनेस्कोच्या यादीत सहा किल्ले आले त्यात हापण आहे (बाकी चित्तोड कुंभलगड रणथंभोर आमेर जैसलमेर). पावसाळ्यानंतर लगेच जा, नद्यांना पाणी असतं

हुरडा
जैसलमेरला किल्ल्यात अजून लोक राहतात, कपडे वाळत घातलेले, पोरं क्रिकेट खेळतायत. पण नळाचं पाणी वापरून वापरून खाली मुरतं आणि बुरुज खचतात म्हणे, म्हणून आम्ही आतल्या हॉटेलात न राहता खाली राहिलो. तुम्हीपण तसंच करा प्लीज. बाय द वे केर सांगरी (तिकडची सुकवलेली भाजी) आणली होती ती शिजतच नाही, काय करू

मेथीचेलाडू
@हुरडा रात्रभर ताकात भिजव, मग चांगली धुऊन उकड. तेल सढळ हाताने घाल, आमचूर विसरू नको

सांजवेळ
आईचे गुडघे दुखतात, चित्तोड जमेल का? जानेवारीत जायचंय

धागाकर्ती
जमेल गं. गाडी वर नेता येते, आत पण एका ठिकाणाहून दुसरीकडे गाडीनेच फिरायचं. फक्त गोमुख कुंडाच्या पायऱ्या त्यांना वरूनच दाखव. आणि स्वेटर ने, सकाळी फार गारठा असतो