स्प्रे मारला आणि टेकडी विरघळली

फासेफेक्या:
टेबलावर छोटे शिपाई मांडून लढाईचा खेळ खेळतो, त्यासाठी टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल तीन संध्याकाळ कापून, घासून टेकडी केली होती. उतार इतका बेताचा की २८ मिमीचा शिपाई कुठेही उभा केला तरी घसरणार नाही. मग हौसेनं काळा स्प्रे मारला. बघता बघता टेकडीची चाळण!

दुसरा पराक्रम म्हणजे पुठ्ठ्यावरचं पडकं घर. खालच्या पुठ्ठ्याला गोंद फासून वाळू भुरभुरली. सकाळी बघतो तर चारही कोपरे वर, घर होडीत बसल्यासारखं. दाराचं मापही चुकलंय, शिपायाला वाकून आत जावं लागेल. नेमकं कुठे चुकतंय?

कातरबोका:
स्प्रेमधलं द्रावक थर्माकोल खातं. आधी पांढऱ्या गोंदात काळा ॲक्रिलिक रंग कालवून ब्रशनं दोन हात द्यायचे, खालच्या बाजूनंही. माझ्या एका भिंतीची नखाएवढी कड उघडी राहिली होती. तेवढ्यातून स्प्रे शिरला, भिंत आतून पोकळ. तेव्हापासून थर्माकोलवर मी स्प्रे वापरतच नाही.

ती चाळण फेकू नका हो! गोंद पाजून कडक करा, तोफगोळ्यांनी उखडलेली जमीन म्हणून खपते.

पुठ्ठेशाही:
ओल्या गोंदानं एकच बाजू फुगते, मग वाळताना आकसते आणि पुठ्ठ्याला ओढते. दोन पुठ्ठे चिकटवा, एकाच्या नळ्या उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या. वर गोंद लावाल तेव्हा खालीही लावा. लहान तुकड्यांना जुनी सीडी झकास, १२ सेंमीचा आयता गोल, वाकायचं नावच नाही. फक्त आधी पॉलिशपेपरनं घासा, नाहीतर गोंद पापुद्र्यासारखा निघतो.

आणि पुठ्ठ्याचा वरचा कागद जरा ओला करून सोलून पाहा. आत पन्हळी पत्र्याचं छप्पर तयारच असतं.

दार मी ४० मिमी उंच ठेवतो. शिपाई बेसवर, म्हणजे पायाखालच्या चकतीवर उभा असतो, ती उंची आपण धरतच नाही.

फासेफेक्या:
बेसचं डोक्यातच आलं नव्हतं! बरं, ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा दाबून दगडी पोत उठवतात म्हणे. माझ्या थर्माकोलवर नुसते मणी दिसतायत.

कातरबोका:
खोक्यातल्या थर्माकोलवर ते तसंच होणार. त्याला बारीक, घट्ट फोम लागतो. तुमच्याकडे गोंद आणि वाळूनं मणी झाका. वाळल्यावर अर्धं पाणी, अर्धा गोंद आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब असं मिश्रण वरून सोडा. साबणामुळे ते वाळूत मुरतं, नाहीतर थेंब होऊन वरच बसतं.

फासेफेक्या:
दुसरी टेकडी झाली. वाळू पक्की बसली, राखाडी ड्रायब्रशही मारला, म्हणजे जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून फिरवला. चहाचा चोथा पालापाचोळा म्हणून पसरला होता, तो मात्र अर्धवट ओला होता. आता पूर्वेच्या उतारावर खरीखुरी बुरशी उगवली आहे. बायको म्हणते, गवत छान जमलंय.