एक्झॉस्ट फॅनचा फ्यूज नेमका कुठे टाकायचा? मदत हवी आहे

मंडळी, बाथरूममध्ये टायमरवाला एक्झॉस्ट फॅन बसवायचाय. लाइट बंद केल्यावरही तो थोडा वेळ फिरतो, म्हणून कायमची फेज (सतत करंट असलेली वायर), स्विचमधून येणारी फेज आणि न्यूट्रल अशा तीन वायरी लागतात. सोबतच्या कागदावर ३ अँपिअरचा फ्यूज सांगितलाय. लाइटच्या सर्किटला मात्र ६ अँपिअरची एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप पडणारा स्विच) आहे. फ्यूज फक्त कायमच्या फेजवर टाकला तर दुसरी फेज बिनफ्यूजचीच राहते ना? म्हणून तो लाइटच्या स्विचच्या आधीच टाकावा आणि पुढे बाथरूमबाहेर थ्री पोल आयसोलेटर (तिन्ही वायरी एकदम तोडणारा स्विच) द्यावा, असं मला वाटतं. साधा सिंगल पोल स्विच पटत नाही, पुसायला फॅन उघडला तर आत एक फेज चालूच! पण मग फ्यूज उडाला की लाइटही जाणार. चालतं का असं? काम वायरमनच करेल, मला क्रम पक्का करायचाय.