मदत हवी आहे: नॉर्वे लॉबस्टरच्या ट्रॉलमधील ग्रिड मच्छीमारांच्या वापरात कशी टिकेल?

नमस्कार. मी स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर गोथेनबर्ग येथे मत्स्यविज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण घेत असून माझा प्रबंध कॅटेगाट आणि स्कागेराक या समुद्रांतील नॉर्वे लॉबस्टरच्या ट्रॉल (बोटीमागे तळावरून ओढल्या जाणाऱ्या जाळ्याच्या) मासेमारीवर आहे. त्यातील एका प्रश्नावर मी अडकले आहे आणि त्याचे उत्तर पुस्तकांपेक्षा बोटीवर काम केलेल्या माणसांकडे मिळेल असे मला वाटते.

हा प्राणी आपल्या शेवंडीसारखा खडकांत राहत नाही. तो केशरी रंगाचा, लांब नांग्यांचा असून मऊ चिखलात बिळे करून राहतो आणि बिळाबाहेर पडला तरच ट्रॉलमध्ये सापडतो. उथळ पाण्यात तो रात्री बाहेर येतो, तर शंभर मीटरपेक्षा खोल पाण्यात दिवसा. पोटाशी अंडी असलेल्या माद्या हिवाळ्यात बहुतांशी बिळातच राहत असल्यामुळे त्या दिवसांत नरच अधिक मिळतात. मादीला आपोआप मिळणारे हे संरक्षण मला फार मोलाचे वाटते, कारण मुंबईजवळच्या समुद्रात चपट्या शेवंडीला ते मिळाले नाही. अंड्यांवरच्या माद्या ट्रॉलमध्ये येत राहिल्या आणि १९९४ च्या सुमारास ती मासेमारी कोसळली.

कॅमेरा बसवलेली घसरगाडी तळावरून ओढून, बिळे मोजून नॉर्वे लॉबस्टरच्या साठ्याचा अंदाज घेतला जातो, आणि त्यामुळे किती पकडावे याचा निर्णय बऱ्यापैकी भक्कम पायावर घेता येतो. तळाचा चिखल ढवळला जाणे हा गंभीर विषय आहेच, पण माझा प्रश्न सोबत येणाऱ्या कॉड माशाविषयी आहे. कॅटेगाटमधील कॉड इतका घटला की २००९ मध्ये स्वीडन आणि डेन्मार्क यांना तेथील काही क्षेत्र मासेमारीसाठी बंद करावे लागले, आणि नॉर्वे लॉबस्टरचे ट्रॉल त्याच तळावर चालते.

यावर स्वीडनने काढलेला उपाय म्हणजे ग्रिड. ट्रॉलच्या खोल्याआधी, म्हणजे मासळी साठते त्या जाळ्याच्या मागच्या पिशवीआधी, सळ्यांची तिरकी चौकट बसवतात. सळ्यांमधील अंतर ३५ मिलिमीटर असते. लॉबस्टर त्यातून खोल्यात जातो, मोठा मासा सळ्यांवरून वर सरकून बाहेर पडतो आणि ७० मिलिमीटर चौकोनी आसाच्या (जाळ्याच्या छिद्राच्या) खोल्यातून लहान माशांपैकीही बरेचसे निसटतात. २००४ मध्ये किनाऱ्याजवळचे ट्रॉलिंग बंद झाले तेव्हा तेथील काही भागांत ग्रिडवाल्या बोटींना मुभा राहिली, आणि पुढे बोटीने वर्षात किती दिवस समुद्रात मासेमारी करावी या मर्यादेतूनही त्यांना सूट मिळाली. ही दिवसांची मर्यादाच उठल्यावर मात्र ग्रिडचा वापर घटला. मोठ्या आसांची खिडकी असलेला ‘सेल्ट्रा’ खोला लावला तर लॉबस्टरबरोबर विकाऊ मासाही हाती राहतो, म्हणून अनेक बोटी तिकडे वळल्या.

येथील एका तांडेलांनी मला सांगितले की शेवाळ अडकून ग्रिड तुंबली की त्या ओढीतला चांगला लॉबस्टरही हातचा जातो, आणि ते नुकसान त्यांना एकट्यालाच सोसावे लागते. त्यांचे म्हणणे मला रास्त वाटते. साधन उत्तम असूनही ते वापरणाऱ्याच्या पदरात तोटाच पडत असेल, तर नियमाच्या बळावर ते किती दिवस टिकणार?

आपल्याकडे याला अगदी जवळचे उदाहरण आहे. कासवे निसटावीत म्हणून कोळंबीच्या ट्रॉलमध्ये बसवायचे टेड हेही मूळचे सळ्यांच्या चौकटीचेच साधन, आणि त्याच्या अभावी २०१९ मध्ये अमेरिकेने समुद्रातून पकडलेल्या भारतीय कोळंबीची आयात थांबवली. त्यामुळे रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्ग किंवा गोव्यातील सभासदांना माझी विनंती आहे की आपल्या बंदरात टेड किंवा चौकोनी आसाचा खोला कोणी लावून पाहिला असेल, तर मिळकतीत किती फरक पडला, आणि तपासणी नसतानाही तो जाळ्यात राहिला का, हे कृपया लिहावे. निर्यातदाराने अशा मालाला वेगळा भाव दिल्याचे कोणाला ठाऊक असल्यास तेही हवे आहे, कारण दिवसांची सूट गेल्यानंतर ग्रिडला दुसरा आधार भावाचाच असू शकतो असा माझा तर्क आहे आणि तो चुकीचा असेल तर प्रबंध लिहिण्याआधी मला कळायला हवे.

‘लावला आणि पुढच्याच फेरीला काढून ठेवला’ असा अनुभवही तितकाच उपयोगी पडेल. फक्त तो का काढला, हे सविस्तर लिहावे.