मदत हवी आहे: शेतात चांदीचं जुनं नाणं सापडलंय (तातडीचं)

सफोकचा_पाहुणा: नमस्कार मंडळी. रविवारी मेटल डिटेक्टर घेऊन गेलो होतो, चांदीचं नाणं मिळालं. ऑफिसातला इंग्रज मित्र म्हणतो अँग्लो-सॅक्सन आहे, हजार-बाराशे वर्षांपूर्वीचं. खरं आहे का आणि किती येतील, एवढंच सांगा. येत्या शनिवारी भारतात निघतोय, त्याआधी ठरवायचंय. गूगल करून झालंय.

चिंचगूळ: फोटो?

सफोकचा_पाहुणा: चढत नाहीये. चांदीचं, गोल, जुनं.

ठाणेकर_नाणेवाला: गोल आणि जुने तर माझे सासरेही आहेत. वजन किती, रुंदी किती, दोन्ही बाजूंना काय आहे? वजनाला स्वयंपाकघरातला काटा नको, सोनाराकडे असतो तसला बारीक हवा.

माई_पुणे: चांदी काळी पडली असेल तर चिंचेच्या कोळात दहा मिनिटं ठेवा, मग दंतमंजनाने हलक्या हाताने घासा. लख्ख!

लेस्टरची_सून: माई, नको हो! इतकी वर्षं मातीत पडलेली चांदी ठिसूळ होते. घासलं की चित्रच जाईल. दादा, काही लावू नका, माती निघत नसेल तर राहू द्या तशीच.

माई_पुणे: आमच्या घरची चांदी साठ वर्षं चिंचेवरच चकाकतेय.

लेस्टरची_सून: ती ताटं-वाट्या, माई. हे एक ग्रॅमचं प्रकरण असेल.

सफोकचा_पाहुणा: १.१ ग्रॅम, १२ मिलिमीटर. पाच पेन्सपेक्षाही लहान, पण जाड. एका बाजूला कंगव्यासारखे काटे, दुसरीकडे ठिपक्यांचा चौकोन, मध्ये गोल. राजाचं नाव कुठेच नाही. म्हणजे खोटं ना?

ठाणेकर_नाणेवाला: उलट! हे आधी का नाही सांगितलंत? याला स्किॲटा म्हणतात, इ.स. ७००च्या आगेमागे चालायचं. अभ्यासकांनी यांचे अक्षरांनी गट पाडलेत; तुमचं बहुधा 'ई' मालिकेतलं, ज्याला जाणकार 'साळिंदर' म्हणतात. खरं तर ते साळिंदर नाहीच. रोमन नाण्यावरच्या सम्राटाचा चेहरा कोरायला घेतला, मग त्या नकलेची नक्कल, तिची पुन्हा नक्कल, असं होत होत नाक-डोळे गेले आणि काटे तेवढे उरले. राजाचं ठळक नाव असलेली पातळ, रुंद पेनी पुढे मर्सियाच्या (इंग्लंडमधलं एक जुनं राज्य) ऑफा राजाच्या काळात रुळली. खरं-खोटं मात्र हातात घेतल्याशिवाय कुणी सांगू नये, मीही नाही.

उट्रेख्तचा_उमेदवार: साळिंदर असेल तर ते इंग्रजांचं नाहीच. ही नाणी मुख्यतः ऱ्हाईनच्या मुखाकडे, फ्रिजियन लोकांच्या मुलखात, म्हणजे आजच्या नेदरलँड्सच्या किनाऱ्याकडे पाडलेली. आमच्याकडची!

लेस्टरची_सून: सापडलं सफोकमध्ये, खर्चलं सफोकमध्ये, आणि तुमचं कसं?

उट्रेख्तचा_उमेदवार: मग ब्रिटिश म्युझियममधल्या आपल्या मूर्तीही त्यांच्याच का?

चिंचगूळ: झालं, धाग्याचा काश्मीर. (पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

शब्दवेडा: उच्चार 'स्किॲटा' नव्हे, 'शॅटा'च्या जवळचा. जर्मन 'शाट्झ'चा भाऊबंद, अर्थ धन. आणि हे नाव मागाहूनच्या अभ्यासकांनी चिकटवलेलं, त्या काळचे लोक पेनीच म्हणत असावेत.

कोर्टाची_पायरी: मी कोल्हापूरला वकिली करतो. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ प्रमाणे दहा रुपयांवरचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. तहसीलमध्ये ओळख असेल तर बघा.

सफोकचा_पाहुणा: वकीलसाहेब, मी इंग्लंडमध्ये आहे. किंमत कुणी सांगेल का??

लेस्टरची_सून: आधी सांगा, शेत कुणाचं? परवानगी होती का? संरक्षित जागा तर नाही ना?

सफोकचा_पाहुणा: बायकोच्या मैत्रिणीच्या सासऱ्यांचं. संरक्षित वगैरे काही नाही. चहा पिता पिता 'हो, फिर की' म्हणाले. दुसरं नाणंही तिथेच मिळालं, चार पावलांवर.

लेस्टरची_सून: दुसरं?

सफोकचा_पाहुणा: हो, दोन आहेत. लिहिलं नव्हतं का? दुसरं तुटकं आहे म्हणून धरलं नाही.

लेस्टरची_सून: अहो, तिथेच तर सगळं बदलतं! १९९६च्या ट्रेझर ॲक्टप्रमाणे चांदीचं एकटं नाणं सहसा खजिना धरत नाहीत. पण ३०० वर्षांहून जुनी, चांदीची दोन नाणी एकाच ठेव्यातली असली की तो खजिना, तुटकं असलं तरी. असं वाटल्यापासून १४ दिवसांत कोरोनरला (मृत्यूंची आणि खजिन्यांची चौकशी करणारा तिथला अधिकारी) कळवायचं. तुमच्या काउंटीच्या फाइंड्स लायझन ऑफिसरला, म्हणजे अशा सापडलेल्या वस्तूंची नोंद घेणाऱ्या अधिकाऱ्याला गाठा, पुढचं ते बघतात. पैसे मिळालेच तर साधारणपणे शेतमालक आणि तुम्ही निम्मे-निम्मे. बॅगेत घालून भारतात नेणं विसरा.

सफोकचा_पाहुणा: दोन एवढीशी नाणी, कोण विचारतंय?

ठाणेकर_नाणेवाला: २०१५ साली हेरेफर्डशायरमध्ये दोघांना आल्फ्रेड राजाच्या काळातला (नववं शतक) ठेवा सापडला. कळवला नाही, गुपचूप विकायला काढला. २०१९ मध्ये दोघेही तुरुंगात गेले आणि सुमारे ३०० नाण्यांतली बहुतेक अजून बेपत्ता आहेत. २०१५ सालीच ऑक्सफर्डशायरमध्ये वॉटलिंग्टनला तशाच काळातली २००च्या आसपास नाणी निघाली. तिथल्याने रीतसर कळवलं. तो ठेवा ॲशमोलियन संग्रहालयाने साडेतेरा लाख पौंडांना घेतला. तुमच्या साध्या साळिंदराचं म्हणाल, तर विमानाचं तिकीटही निघणार नाही. राग मानू नका.

माई_पुणे: मग एवढा धागा कशाला काढला?

सफोकचा_पाहुणा: त्या लायझन ऑफिसरना फोन केला. बाई चांगल्या होत्या, पण नेमकी जागा मागितली, नकाशावरच्या आकड्यांसकट. मी म्हटलं गुरांच्या हौदाजवळ. त्या गप्पच झाल्या. संध्याकाळी परत शेतावर गेलो. मालकांना सगळं सांगितलं, तर त्यांनी आतून बिस्किटांचा डबा आणला. नांगरताना मिळालेली तसली तीन नाणी वीस वर्षं त्यात पडून आहेत म्हणे. एकावर कंगवा आहे.

ठाणेकर_नाणेवाला: वजन?