'की' अक्षरावरून मुलीचं नाव: कियारा की किमया? अर्थ कसा तपासायचा?

त्रिमूर्तीनगरची आत्या
भाचीचं बारसं येत्या रविवारी नागपुरात, महाल भागातल्या घरी आहे. मृग नक्षत्र, चौथा चरण, म्हणून 'की' अक्षर आलं. वहिनीला 'कियारा' आवडलंय. एका साइटवर अर्थ 'देवाची देणगी', दुसरीवर 'काळ्या केसांची', तिसरीवर 'तेजस्वी', आणि तिन्हीकडे मूळ 'संस्कृत'! आजी म्हणतात, संस्कृतात असा शब्दच नाही. अक्षर नाही जुळलं तरी चालेल म्हणून यादीत अनाया, मायरा, इरा ही नावंही आहेत. अर्थ खात्रीने कसा पाहायचा? आणि दाखल्यावर नाव लगेच टाकावं लागतं का?

शब्दकोशवाला, धरमपेठ
आजींचं बरोबर आहे. कियारा संस्कृत नाही.

आधी नाव कोणत्या भाषेचं ते ठरवा, अर्थ त्यानंतर. साइटवाले नेमकं उलटं करतात. गोड अर्थ आधी, मग त्यावर 'संस्कृत'चा शिक्का. कियाराच्या मागे दोन वेगळी नावं आहेत. इटालियन 'कियारा' लॅटिन 'क्लारुस'पासून आलं, म्हणजे स्वच्छ, उजळ, नामांकित. असिसीची संत क्लारा तिच्या भाषेत कियाराच. दुसरं आयरिश, उच्चार साधारण 'कीरा', मूळ शब्द 'किअर' म्हणजे काळा, काळसर. म्हणून एकीकडे 'तेजस्वी' आणि दुसरीकडे 'काळ्या केसांची' दिसतं. दोन्ही खरे आहेत, फक्त नावं दोन आहेत. 'देवाची देणगी' मात्र दोन्हींत बसत नाही.

तुमच्या यादीतली बाकीची:

अनाया: अरबी 'इनाया' म्हणजे काळजी, कृपादृष्टी, 'इनायत' त्याच कुळातला. हिब्रूत 'अनाया' आहे, पण ते पुरुषाचं नाव, अर्थ 'देवाने उत्तर दिलं'. संस्कृतात 'अनय' म्हणजे दुर्वर्तन, अनीती. आणि 'अनया' हे 'इदम्' सर्वनामाचं स्त्रीलिंगी तृतीया एकवचन, म्हणजे नुसतं 'हिने'. ठेवायचं तर अरबी अर्थ मनात धरून ठेवा, तो सुंदर आहे.

मायरा: इंग्रज कवी फुल्क ग्रेव्हिल (१५५४–१६२८) याने कवितेसाठी वापरात आणलेलं नाव मानतात. आपल्याकडच्या मारवाडी शेजारणीला विचाराल तर मायरा म्हणजे लग्नात मामाकडून येणारा आहेर. नागपुरात हा अर्थ पुष्कळांना ठाऊक आहे, हे लक्षात असू द्या.

इरा: हे खरोखर संस्कृत. पाणी, पेय, अन्न, पृथ्वी असे अर्थ कोशात सापडतात. लॅटिनमध्ये 'इरा' म्हणजे राग आणि हिब्रूत ते पुरुषाचं नाव, पण त्याने आपल्या इराचं काही बिघडत नाही.

तपासायची रीत अशी. संस्कृत असेल तर आपट्यांचा कोश किंवा मोनियर-विल्यम्सचा संस्कृत-इंग्रजी कोश (१८९९) उघडा. कोलोन विद्यापीठाच्या साइटवर दोन्ही फुकट शोधता येतात. ऱ्हस्व-दीर्घ नीट टाका, नाहीतर भलताच शब्द हाती लागतो. मोनियर-विल्यम्समध्ये अर्थापुढे नुसतं 'एल' असेल तर तो अर्थ फक्त जुन्या कोशकारांनी दिलेला, ग्रंथातल्या वापराचा दाखला तिथे नाही, असं समजा. नावाच्या शेवटी 'अंश' लावलेला असेल तर त्याच्या आधीचा तुकडा सुटा शोधा. 'रेयांश'मधला 'रेय' 'किरण' या अर्थाने संस्कृतात मिळत नाही, तो इंग्रजी 'रे' आहे. आणि 'आरव'चा अर्थ साइटवर 'शांत' देतात. 'रव' म्हणजे आवाज, 'आरव' म्हणजे गलका, आरडाओरडा. अगदी उलट!

इंदोऱ्याचा पालीवाचक
वरच्या रीतीत बौद्ध ग्रंथांच्या पाली भाषेची भर घालतो, कारण १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षेनंतर आपल्या शहरात बौद्ध परंपरेतली नावं घरोघरी आली आणि त्यांचे अर्थही साइटवर चुकीचे फिरतात. पाली शब्दाचा अर्थ मराठी कानाने ठरवू नका. 'मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा' हे चार ब्रह्मविहार, म्हणजे बौद्ध साधनेत जोपासायच्या मनोवृत्ती. मुदिता नाव चांगलं चालतं. 'उपेक्षा' (पालीत उपेक्खा) म्हणजे समचित्तता, फार मोठा गुण. पण मराठीत उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष, त्यामुळे पोरीला जन्मभर समजावत बसावं लागेल.

'मिलिंद' बघा. संस्कृत कोशात मिलिंद म्हणजे भुंगा. पण बौद्ध भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारणारा राजा मिलिंद म्हणजे ग्रीक मेनान्द्रोस. पालीत त्याचा मिलिंद झाला. 'समीर'चंही तसंच. संस्कृतात वारा, अरबीत रात्रीच्या गप्पांचा सोबती. अशा वेळी दोन अर्थ एकत्र कालवू नयेत. घरच्यांनी कोणता मनात धरला, तोच सांगावा.

दाखल्याची माहिती
दाखल्याची घाई नको. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, आणि प्रसूती दवाखान्यात झाली असेल तर ती माहिती दवाखानाच पाठवतो. नावाचा रकाना रिकामा राहिला तरी चालतो. नोंदणीपासून १२ महिन्यांत मनपाच्या झोन कार्यालयात अर्ज देऊन नाव विनाशुल्क चढतं, त्यापुढे विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. पण एकदा चढलं की मन बदललं म्हणून सहज बदलून मिळत नाही. म्हणून अर्ज देण्याआधी देवनागरी आणि रोमन, दोन्ही स्पेलिंगं कागदावर लिहून आई-वडिलांनी एकत्र बघावीत. आधार, शाळा, पासपोर्ट सगळं त्याच स्पेलिंगवर चालतं. कियाराला 'वाय' घालून एक आणि न घालता एक अशी दोन स्पेलिंगं चालतात, घोळ तिथूनच सुरू होतो.

त्रिमूर्तीनगरची आत्या
खूप आभार सगळ्यांचे. आजींना 'किमया' सुचलंय. ते तरी आपलं आहे ना?

शब्दकोशवाला, धरमपेठ
पूर्ण आपलं. मूळ मात्र अरबी 'कीमिया', म्हणजे हलक्या धातूचं सोनं करण्याची विद्या. तोच शब्द युरोपात जाऊन 'अल्केमी' आणि पुढे 'केमिस्ट्री' झाला. मराठीत तो जादू, करामत या अर्थाने इतका मुरला की परका वाटतच नाही. मूळ बाहेरचं म्हणून नाव कमी मराठी ठरत नाही; गुलाबराव, दौलतराव, हैबतराव ही नावं फारसी-अरबीतूनच आली आणि विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या चालत आहेत. नागपूर वसवणाऱ्या गोंड राजाचं 'बख्त बुलंद' म्हणजेसुद्धा फारसीत 'थोर नशिबाचा'. किमया ठेवा, 'की' अक्षरही साधतं. ऱ्हस्व-दीर्घावर ज्योतिषी सहसा अडत नाहीत.

दाखल्याची माहिती
किमया ठरलं तर स्पेलिंग के-आय-एम-ए-वाय-ए असं टाका. मधला 'ए' गाळला तर शाळेच्या हजेरीत 'किम्या' वाचतील.