सी शार्प: सेटरमध्येच प्रॉपर्टीचं नाव कसं मिळवायचं?

कोथरूडकर:
सोसायटीच्या मेंटेनन्स बिलाचं सॉफ्टवेअर आहे. बिलाच्या क्लासमध्ये 40 प्रॉपर्टी, आणि बदल झाल्याचं स्क्रीनला कळवताना प्रत्येक सेटरमध्ये (प्रॉपर्टीत नवी किंमत भरणाऱ्या कोडमध्ये) प्रॉपर्टीचं नाव अवतरणचिन्हांत हातानं लिहिलेलं. 'टँकरखर्च'चं 'पाणीखर्च' केलं, अवतरणातलं तसंच राहिलं. कंपायलर गप्प, स्क्रीनवर जुनाच आकडा. म्हणून स्टॅकफ्रेमवरून (चालू असलेल्या मेथडची प्रोग्रामनं ठेवलेली नोंद) नाव काढून पाहिलं. डीबगमध्ये (चुका शोधायच्या बिल्डमध्ये) 'सेट_पाणीखर्च' मिळतं, पुढचं 'सेट_' छाटलं की झालं. रिलीज बिल्डमध्ये मात्र भलतंच नाव येतं. असं का?

सदाशिवपेठ_30:
रिलीजमध्ये जेआयटी (प्रोग्राम चालताना त्याचा मशीन कोड बनवणारा कंपायलर) असे छोटे सेटर इनलाइन करू शकतो. सेटरचा कोड बोलावणाऱ्या मेथडमध्येच मिसळला की त्याची वेगळी फ्रेम उरत नाही, मग तुम्हाला बोलावणाऱ्याचं नाव मिळतं. सेटरवर नोइनलाइनिंग (इनलाइन करू नको, अशी खूण) लावून हे थांबतं, पण 40 ठिकाणी ते लावा आणि दर बदलाला स्टॅक चाळा, हे अजिबात करू नका.

2012 च्या सी शार्प 5 पासून कॉलरमेंबरनेम हे अ‍ॅट्रिब्यूट (कोडला लावायची खूण) आहे, ते बोलावणाऱ्याचं नाव देतं. बदलाची सूचना देणाऱ्या मेथडच्या स्ट्रिंग पॅरामीटरवर ते लावा आणि त्या पॅरामीटरला डीफॉल्ट नल (म्हणजे 'काहीच नाही') द्या. डीफॉल्ट विसरलात तर कंपाइलच होणार नाही. सेटरमधून ती मेथड रिकाम्या कंसानं बोलवा. नाव कंपाइल होतानाच भरलं जातं, तेही 'सेट_' शिवाय, त्यामुळे रिलीजमध्ये काही बिघडत नाही.

औंध_बाणेर:
वरचं बरोबर, पण लोक हमखास अडकतात ते पुढे. जुनी-नवी किंमत ताडून पाहणारी 'किंमतभरा' अशी मधली मेथड लिहिली आणि तिच्यातून सूचनेची मेथड रिकाम्या कंसानं बोलावली, तर नाव येतं 'किंमतभरा'. कारण लगेच वरचा बोलावणारा तोच. अ‍ॅट्रिब्यूट मधल्या मेथडवरही लावा आणि मिळालेलं नाव पुढे हातानं द्या.

दुसरं, पाणीखर्च बदलला की 'एकूण'ही बदलतं. त्याची सूचना त्याच सेटरमधून वेगळी द्यावी लागते, तिथे नेमऑफ वापरा (सी शार्प 6 पासून; कोडमधल्या नावाची स्ट्रिंग करून देतं). नाव बदलायचं राहून गेलं तर कंपायलर तिथेच अडवतो.

कोथरूडकर:
मधली मेथड आहेच, दोन्हीकडे लावतो. रिपोर्टचा भाग पायथनमध्ये आहे, तिथे काय?

सदाशिवपेठ_30:
डिस्क्रिप्टर लिहा, म्हणजे क्लासमधल्या प्रॉपर्टीचं वाचणं-लिहिणं सांभाळणारा ऑब्जेक्ट. 3.6 पासून क्लास तयार होताना पायथन डिस्क्रिप्टरची सेट-नेम मेथड (दोन्ही बाजूंना दुहेरी अंडरस्कोअर) स्वतःच बोलावतो आणि नाव तिच्या हाती देतो, ते साठवून ठेवा. क्लास बनून गेल्यावर डिस्क्रिप्टर बाहेरून चिकटवलात तर ती आपोआप चालत नाही, तुम्हालाच बोलवावी लागते.